अमिरातीचा क्रिकेट संघ: नवी बांधणी आणि अपेक्षा कोणाच्या?

१० सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत आशिया चषकात भारताची गाठ संयुक्त अरब अमिरातीशी पडली. २ बाद ४७ अशी बरी चाललेली अमिरातीची धावसंख्या बघता बघता सर्वबाद ५७ झाली. कुलदीप यादवने ७ धावांत ४ गडी टिपले आणि भारताने ५८ धावांचं लक्ष्य २७ चेंडूंत उरकून टाकलं. चार महिन्यांपूर्वी याच संघाने शारजात बांगलादेशला टी-ट्वेंटी मालिकेत २-१ असं हरवलं होतं. दुबईच्या त्या नामुष्कीनंतर पाच आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला, याच संघाने ओमानमध्ये जपानला आठ गडी राखून हरवलं आणि २०२६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात जागा मिळवली. वीस संघांतली ती शेवटची, विसावी जागा.

अशा संघाला कोणत्या मापाने मोजायचं? २०१९ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात हा संघ अक्षरशः विस्कटला होता. तिथून तो पुन्हा उभा करण्याचं काम गेली सहा वर्षं सुरू आहे. या काळात प्रशिक्षक बदलले, कर्णधार बदलले आणि एक नवी व्यावसायिक लीगही आली. त्याबरोबर एक वादही चालू राहिला: संघाची धुरा कोणाकडे द्यायची, खेळाडू घडवायचे की बाहेरून आलेले घ्यायचे, आणि मुळात या संघाकडून अपेक्षा ठेवणारा चाहता आहे तरी कोण? २०२५ अखेरपर्यंत ही चर्चा कुठवर आली आहे, ते इथे पाहू.

शारजाची गर्दी, घरचा संघ मात्र बाहेर

मराठी माणसाला अमिराती आधी ठाऊक झाली ती शारजामुळे. अब्दुल रहमान बुखातिर या उद्योजकाने १९८१ मध्ये गावसकर आणि मियांदाद यांच्या संघांचा सामना तिथे भरवला. १९८४ मध्ये पहिला आशिया चषकही तिथेच झाला. १९८६ मध्ये चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर मियांदादने मारलेला षटकार आणि एप्रिल १९९८ मधली सचिनची दोन शतकं ज्यांनी पाहिली, त्यांना शारजाचं स्टेडियम वानखेडेइतकंच ओळखीचं वाटतं. या आठवणींत अमिरातीचा स्वतःचा संघ मात्र जवळपास कुठेच नाही. मैदान त्यांचं, पैसा त्यांचा, खेळणारे आणि बघणारे मात्र दुसऱ्या देशांचे. आजच्या वादाचं मूळ इथेच आहे.

संघ नव्हता असं नाही. १९९४ मध्ये केनियात झालेली आयसीसी ट्रॉफी अमिरातीने अंतिम सामन्यात केनियालाच हरवून जिंकली. कर्णधार सुलतान झरावानी हा मूळचा अमिराती. बाकी जवळजवळ सगळा संघ भारत-पाकिस्तान-श्रीलंकेतून नोकरीसाठी आलेल्यांचा. तेव्हाही याच मुद्द्यावरून गदारोळ झाला आणि पुढे आयसीसीने पात्रतेचे नियम कडक केले. १९९६ च्या विश्वचषकात अमिरातीने नेदरलँड्सला हरवलं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो झरावानीच: रावळपिंडीत अ‍ॅलन डोनाल्डसमोर हेल्मेट न घालता, साधी टोपी घालून तो उभा राहिला आणि चेंडू थेट डोक्यावर घेतला.

त्यानंतरची दोन दशकं कंपनी-क्रिकेटची. दिवसभर नोकरी, रात्री दिव्यांखाली सराव आणि सुट्टीच्या दिवशी बुखातिर लीगसारख्या स्पर्धांत सामने. २०१४-१५ च्या पिढीचा आधारस्तंभ खुर्रम खान हा एमिरेट्स विमान कंपनीत केबिन कर्मचाऱ्यांचा प्रमुख होता. उड्डाणाची पाळी आणि सामना यांची सांगड घालत तो खेळला. याच पिढीत वसईचा स्वप्नील पाटील होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध पहिल्याच एकदिवसीय सामन्यात त्याने नाबाद ९९ धावा केल्या आणि २०१५ च्या विश्वचषकात अमिरातीचं यष्टिरक्षण केलं. त्या विश्वचषकात संघ सहाच्या सहा सामने हरला. तरी शैमान अन्वरने आयर्लंडविरुद्ध ब्रिस्बेनला शतक झळकावलं, आणि नोकरदारांचा संघ इथवर पोहोचला याचंच अनेकांना कौतुक होतं. २०१६ मध्ये अमिरातीच्या क्रिकेट मंडळाने पहिल्यांदा काही खेळाडूंना पूर्णवेळ करार दिले. करार आले तसा कौतुकाचा काळ संपला. पगार घेऊन खेळणाऱ्याकडून लोक निकाल मागू लागले.

२०१९: पडझड

ऑक्टोबर २०१९ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाची पात्रता स्पर्धा अमिरातीतच होती. ती सुरू व्हायला दोन दिवस उरले असताना आयसीसीने कर्णधार मोहम्मद नवीद, शैमान अन्वर आणि कदीर अहमद यांच्यावर भ्रष्टाचारविरोधी नियम मोडल्याचे आरोप ठेवून त्यांना निलंबित केलं. पुढे नवीद आणि शैमान यांना आठ-आठ वर्षांची बंदी झाली. आणखीही खेळाडू जाळ्यात सापडले. ऐन वेळी कर्णधारपद अहमद रझा या शारजात वाढलेल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाकडे आलं. संघ धडपडत बाद फेरीत पोहोचला आणि तिथले दोन्ही सामने हरला.

या हरण्याची किंमत दोन वर्षांनी कळली. कोविडमुळे २०२१ चा टी-ट्वेंटी विश्वचषक भारतातून हलवून अमिराती आणि ओमानमध्ये भरवला गेला. ओमान आपल्या प्रेक्षकांसमोर खेळला. अमिरातीच्या तीन शहरांत सामने झाले, अंतिम सामना दुबईत झाला, पण अमिरातीचा संघ स्पर्धेत नव्हता. यजमानाने आपल्याच घरचं लग्न मांडवाबाहेर उभं राहून पाहावं, तसा तो प्रकार होता.

बांधणीची सुरुवात मात्र त्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये झाली होती. निलंबित खेळाडूंच्या जागी निवड समितीने वृत्त्य अरविंद, कार्तिक मेय्यप्पन यांच्यासारखी शाळा-कॉलेजातली मुलं थेट एकदिवसीय सामन्यांत उतरवली. तो नाइलाज होता की दूरदृष्टी, यावर आजही मतभेद आहेत. मला तो मुख्यतः नाइलाज वाटतो. पण चांगली धोरणं बऱ्याचदा नाइलाजातूनच येतात, आणि २०२२ च्या यशात या मुलांचा वाटा मोठा होता.

नेतृत्व: कोणाच्या हाती सूत्रं?

२०२० च्या सुरुवातीला प्रशिक्षक डगी ब्राउन यांना निरोप देण्यात आला आणि रॉबिन सिंग क्रिकेट संचालक म्हणून आले. त्यांच्या काळात अमिरातीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ओमानमधली पात्रता स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकात जिलाँगला मेय्यप्पनने श्रीलंकेविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि दोन दिवसांनी संघाने नामिबियाला सात धावांनी हरवलं. टी-ट्वेंटी विश्वचषकातला हा अमिरातीचा पहिला विजय. मग रॉबिन गेले आणि मुदस्सर नझर आले. त्यांच्या काळात ऑगस्ट २०२३ मध्ये न्यूझीलंडला दुबईत सात गडी राखून हरवण्याचा पराक्रम झाला. त्याच वर्षी झिंबाब्वेतल्या एकदिवसीय पात्रता स्पर्धेत गटातले चारही सामने गेले, आणि काठमांडूत नेपाळकडून उपांत्य सामना गमावल्याने २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषकही हुकला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळाने लालचंद राजपूत यांना तीन वर्षांसाठी नेमलं. मुंबईच्या मैदानांवर वाढलेले राजपूत हे भारतासाठी दोन कसोटी खेळलेले सलामीवीर. २००७ मध्ये धोनीच्या संघाने पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तेव्हा संघाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पुढे अफगाणिस्तानला २०१७ मध्ये कसोटी दर्जा मिळाला, तेव्हा प्रशिक्षक तेच. त्यानंतर झिंबाब्वेचा मोडकळीला आलेला संघ त्यांनी चार वर्षं सांभाळला. पडलेलं घर उभारण्याचा एवढा अनुभव असलेले प्रशिक्षक फार थोडे. अमिरातीत आल्यावर दोन महिन्यांतच संघाने ओमानमध्ये आशियाई प्रीमियर चषक जिंकला. मोहम्मद वसीमने अंतिम सामन्यात शतक ठोकलं आणि त्या विजयावरच २०२५ च्या आशिया चषकाचं दार उघडलं.

नेतृत्वाबद्दल ढोबळमानाने तीन मतं ऐकू येतात. पहिलं मत असं की उपखंडातला अनुभवी माणूसच इथे चालतो. ड्रेसिंग रूममध्ये हिंदी-उर्दू चालते, निम्म्याहून अधिक खेळाडू लाहोर, दिल्ली, केरळ इथल्या क्रिकेटचे संस्कार घेऊन आलेले असतात. त्यांच्याशी बोलायला दुभाषा लागणार नाही असा प्रशिक्षक हवा. राजपूत यांच्याकडे पाहिलं की हे पटतं. इथल्या खेळाडूंच्या वाटाही तशाच आडवळणाच्या असतात. लुधियानाचा सिमरनजीत सिंग २०२१ मध्ये वीसेक दिवसांच्या सरावासाठी दुबईत आला, कोविडच्या दुसऱ्या लाटेत अडकला आणि तिथेच राहिला. लहान मुलांना फिरकी शिकवून त्याने पोट भरलं आणि पुढे राष्ट्रीय संघात पोहोचला. मोहालीच्या नेटमध्ये शाळकरी शुभमन गिलला आपण गोलंदाजी केली होती, असं त्याने आशिया चषकाच्या आधी सांगितलं होतं. अशा माणसाची धडपड ज्याला न सांगता कळते तो प्रशिक्षक इथे वरचढ ठरतो, यात शंका नाही.

दुसरं मत स्थानिक नेतृत्वाच्या बाजूचं. प्रशिक्षक दोन-तीन वर्षांनी जातो आणि त्याच्याबरोबर त्याची घडीही जाते. तेव्हा इथे वाढलेल्या, इथेच राहणाऱ्या माणसांना तयार करा, असं ही मंडळी म्हणतात. त्यांचं ठेवणीतलं उदाहरण अहमद रझा. कर्णधारपदावरून २०२२ मध्ये बाजूला झाल्यावर तो प्रशिक्षणाकडे वळला आणि महिला संघ त्याच्याकडे आला. मे २०२४ मध्ये अबुधाबीत झालेल्या पात्रता स्पर्धेत या संघाने श्रीलंकेला उपांत्य सामन्यात शेवटपर्यंत झुंजवलं आणि १५ धावांनी हरला. विश्वचषक एका विजयाच्या अंतरावर राहिला. मे २०२५ मध्ये बँकॉकला याच संघाने एक अजब चाल केली. कतारविरुद्ध ईशा ओझा आणि तीर्था सतीश यांनी १६ षटकांत बिनबाद १९२ धावा केल्या. पाऊस येण्याची भीती होती आणि टी-ट्वेंटीत डाव घोषित करता येत नाही. मग दहाही जणींना एकामागून एक निवृत्त-बाद करून डाव संपवला आणि कतारला २९ धावांत गुंडाळलं. पॅड बांधून मैदानात यायचं आणि एकही चेंडू न खेळता परत फिरायचं, अशी रांगच लागली होती. काहींना हे खेळाच्या संकेताला धरून वाटलं नाही, काहींनी डोक्यालिटीला दाद दिली. नियम नीट वाचून झटपट निर्णय घेण्याची ही तयारी पुरुष संघात क्वचितच दिसते, एवढं मी नोंदवून ठेवतो.

तिसरं मत या दोघांनाही बाजूला सारतं: माणूस कोणता यापेक्षा त्याला किती वेळ मिळतो ते बघा. कर्णधारांची यादीच पुरेशी बोलकी आहे. नवीद, रझा, सी. पी. रिझवान आणि वसीम अशी पाच वर्षांत चौघांकडे सूत्रं गेली. २०२४ मध्ये वसीमने एकदिवसीय संघाचं कर्णधारपद सोडलं आणि ते राहुल चोप्राकडे आलं. वसीम हा पाकिस्तानातल्या मियां चन्नूचा. त्याचं नेतृत्व त्याच्या बॅटीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्णधार म्हणून टी-ट्वेंटीत सर्वाधिक षटकारांचा रोहित शर्माचा विक्रम त्याने मागे टाकला. शारजात बांगलादेशविरुद्ध २०६ धावांचा पाठलाग करताना त्याने ४२ चेंडूंत ८२ धावा केल्या. पण तो बाद झाला की डाव घसरतो, आणि ही सवय चार वर्षांत सुटलेली नाही. एका माणसावर उभा असलेला संघ कर्णधार चांगला असण्याने बांधला जात नाही, हा तिसऱ्या मताचा युक्तिवाद मला सगळ्यांत वजनदार वाटतो.

घडवायचे की आणायचे?

आयसीसीच्या नियमाप्रमाणे एखाद्या देशात तीन वर्षं वास्तव्य झालं की खेळाडू त्या देशासाठी पात्र ठरू शकतो. अमिरातीसारख्या देशात, जिथे बहुसंख्य रहिवासी बाहेरचे आहेत, हा नियम म्हणजे संघाचा कणा. वसीम याच वाटेने २०२१ मध्ये आला, आसिफ खानही. मार्च २०२३ मध्ये कीर्तिपूरला नेपाळविरुद्ध आसिफने ४१ चेंडूंत एकदिवसीय शतक केलं, तेव्हा ते जगातल्या सर्वांत वेगवान शतकांत गणलं गेलं. या वाटेचे समर्थक सांगतात की हे लोक इथे राहतात, इथे कष्ट करतात, त्यांना ‘आयात’ म्हणणं अन्यायाचं आहे. यात तथ्य आहे. दुबईतल्या सोनापूरच्या लेबर कॅम्पजवळच्या वाळूवर रात्री टेप लावलेल्या चेंडूने खेळणारा तरुण या देशाचा नागरिक नसेल, पण तिथलं क्रिकेट त्याच्यासारख्यांनीच जिवंत ठेवलं आहे.

दुसरी बाजू शाळेत घडलेल्यांची. २०२२ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात अमिरातीने वेस्ट इंडिजला त्यांच्याच घरी हरवून प्लेट विभाग जिंकला; कर्णधार होता अलीशान शराफू. त्या संघातला अयान अफझल खान गोव्यात जन्मलेला. त्याच वर्षी सोळाव्या वर्षी तो पुरुषांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकातला सर्वांत लहान खेळाडू ठरला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली १९ वर्षांखालील संघाने आशिया चषकात पाकिस्तानला हरवून अंतिम फेरी गाठली. मे २०२५ मधल्या त्या शारजाच्या पाठलागात शेवटच्या षटकात १२ धावा हव्या असताना षटकार मारला तो पुण्यात जन्मलेल्या ध्रुव पराशरने. तो लगेच त्रिफळाचित झाला, पण हैदर अलीने एक चेंडू राखून सामना काढला. दोन दिवसांनी निर्णायक सामन्यात नाबाद ६८ धावा करून मालिका जिंकून दिली ती शराफूने. म्हणजे मोक्याच्या दोन्ही वेळी ‘शाळेची पोरं’ उभी राहिली.

तरी ही वाट वाटते तितकी सोपी नाही. दुबई-शारजात राहणाऱ्या मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबाचं गणित पाहा. मुलगा दहा वर्षांचा झाला की अकादमीत जातो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, म्हणून सराव संध्याकाळी दिव्यांखाली किंवा बंदिस्त जाळीत. आईवडिलांपैकी एकाने रोज गाडी चालवायची. सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलगा राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर येतो आणि नेमकं तेव्हाच बारावी येते. पुढे इंजिनीअरिंगला भारतात पाठवायचं की ब्रिटन-कॅनडाला, हा प्रश्न घरात सुरू होतो. अमिरातीत राहायचं तर व्हिसा नोकरीला किंवा शिक्षणाला बांधलेला. २०१९ पासून मिळू लागलेल्या गोल्डन व्हिसाने थोडी उसंत मिळाली, पण नागरिकत्वाची सर्वसाधारण वाट आजही नाही. २०१९ नंतर चमकलेल्या त्या मुलांपैकी काहीजण दोन-तीन वर्षांत दिसेनासे झाले, त्याचं कारण फॉर्मपेक्षा कॉलेज हेच अधिक. मंडळाने या वयोगटासाठी शिष्यवृत्ती आणि करार एकत्र बांधावेत, अशी सूचना पालकांकडून होत आली आहे. मला ती या सगळ्या चर्चेतली सर्वांत व्यवहार्य सूचना वाटते.

जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल लीग टी-ट्वेंटीने वादात भर घातली. सहा संघ, बहुतेकांचे मालक भारतीय; मुंबई इंडियन्सच्या घराण्यातला एमआय एमिरेट्स त्यांतलाच. अकरा जणांत नऊपर्यंत परदेशी खेळाडू खेळवायची मुभा आहे. समर्थक म्हणतात, पोलार्ड आणि बोल्ट यांच्याबरोबर एका ड्रेसिंग रूममध्ये बसायला मिळणं हेच मोठं शिक्षण, आणि पैसाही येतो. टीकाकार म्हणतात, उरलेल्या दोन जागांवरचा स्थानिक खेळाडू आठव्या क्रमांकावर फलंदाजीला येतो आणि षटकभर गोलंदाजी करतो. यात तो शिकतो काय? वसीमसारखे अपवाद दोन्ही बाजू आपापल्या परीने वापरतात. तीन हंगामांवरून निवाडा करणं घाईचं होईल. मात्र टी-ट्वेंटीत या काळात झालेली सुधारणा एकदिवसीय क्रिकेटमध्ये दिसत नाही, हे नाकारता येणार नाही.

चाहता कोण?

आता मुख्य गुंता. अमिरातीत पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकन आणि नेपाळी लाखोंनी आहेत. २००९ च्या लाहोर हल्ल्यानंतर दहा वर्षं पाकिस्तानने आपले ‘घरचे’ सामने इथे खेळले. आयपीएल इथे तीनदा आली. स्टेडियम भरतात, पण भरतात ती दुसऱ्यांसाठी.

त्या १० सप्टेंबरच्या सामन्यातली एक छोटी घटना बोलकी आहे. शिवम दुबे गोलंदाजी करताना त्याच्या कमरेचा टॉवेल खाली पडला. अमिरातीचा जुनैद सिद्दीकी त्याकडे बोट दाखवत क्रीजबाहेर राहिला आणि संजू सॅमसनने यष्टी उडवल्या. तिसऱ्या पंचाने बाद दिलं. सूर्यकुमारने अपील मागे घेतलं. उदारपणाचं कौतुक झालं, ते योग्यच. पण ‘आमचा माणूस बाद नव्हता’ म्हणून आवाज उठवणारा कोणी त्या गर्दीत होता का? होता तर तो ऐकू आला नाही.

याच्या उलट चित्र नेपाळचं. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस नेपाळने शारजात वेस्ट इंडिजला टी-ट्वेंटी मालिकेत हरवलं तेव्हा दिवसभर कामावर राबलेले नेपाळी कामगार स्टेडियम भरून बसले होते. नेपाळचा कर्णधार हरला की त्याला काठमांडूत जाब द्यावा लागतो. अमिरातीचा कर्णधार हरला की दुसऱ्या दिवशी शारजाचा ट्रॅफिक नेहमीसारखाच तुंबतो, बाकी काही होत नाही.

इथे दोन मतं पडतात. एक म्हणतं, दबाव नसणं हे वरदान आहे. नवी बांधणी करायला वेळ लागतो. पुतळे जाळणारे, वर्तमानपत्रात प्रशिक्षकाचं डोकं मागणारे कोणी नाहीत म्हणूनच २०२४-२५ मधल्या पराभवांनंतरही राजपूत यांना काम करता आलं. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शारजातल्या तिरंगी मालिकेत संघ चारही सामने हरला, शेवटचा अफगाणिस्तानकडून अवघ्या चार धावांनी, तरी घडी मोडली नाही आणि दीड महिन्यात पात्रता मिळाली.

दुसरं मत म्हणतं, जिथे अपेक्षा नाही तिथे मोजमापही नाही. प्रशिक्षकाचा निवाडा फक्त मंडळाच्या बैठकीत होतो. निवड का बदलली, कर्णधार का गेला, याचं उत्तर कोणाला द्यावं लागत नाही. माझा कल या दुसऱ्या बाजूकडे आहे. शांतता काही काळ उपयोगी पडली, पण सहा वर्षांनीही तीच टिकली तर संघ मालकाविना चालल्यासारखा चालतो.

आशा आहे ती एका तिसऱ्या गटाकडून, ज्याची चर्चा फारशी होत नाही. इथेच जन्मलेली किंवा वाढलेली दुसरी पिढी. या मुलांना भारत-अमिराती सामन्यात मन दोन्हीकडे ओढलं जातं. त्यांच्या वर्गातला, त्यांच्या अकादमीतला मुलगा अमिरातीकडून खेळतो. त्यांची अपेक्षा चषकाची नाही. आपल्यापैकी एकाला न्याय्य संधी मिळावी एवढीच आहे. महाराष्ट्र मंडळांच्या गणपतीत भेटणारे पालकही हाच प्रश्न विचारतात: निवड चाचणीची तारीख कळते कशी, आणि चाचणीनंतर उत्तर कोण देतं?

फुटबॉलचा दाखला

तुलनेसाठी त्याच देशातला फुटबॉल पाहण्याजोगा आहे, कारण तिथला चाहता अमिराती आहे आणि अपेक्षाही मोठ्या आहेत. १९९० च्या विश्वचषकात अमिराती खेळली. संघाला तिथवर नेणाऱ्या मारिओ झागालोंना स्पर्धेआधीच जावं लागलं आणि परेरांच्या हाती संघ आला. २०१२ ते २०१७ या काळात महदी अली या स्थानिक प्रशिक्षकाने युवा संघापासून ओळखीच्या खेळाडूंची पिढी वर आणली. लंडन ऑलिंपिक, २०१३ चा गल्फ कप, २०१५ च्या आशियाई चषकात तिसरा क्रमांक. ते गेल्यावर प्रशिक्षकांची रांग लागली आणि परदेशी जन्माच्या खेळाडूंना नागरिकत्व देऊन संघात घेण्याचं प्रमाण वाढलं. मार्च २०२५ मध्ये पाउलो बेंटो यांना काढून कोस्मिन ओलारॉयू यांना आणलं. नोव्हेंबरमध्ये बसऱ्यात इराककडून भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर हार झाली आणि २०२६ चा विश्वचषक गेला.

फुटबॉलवाल्यांकडे क्रिकेटला हवं ते सगळं आहे: पैसा, भरलेली स्टेडियम, जाब विचारणारा चाहता. तरी बांधणी टिकली ती जेव्हा एकच माणूस एका पिढीबरोबर वाढला तेव्हाच. दबावाने प्रशिक्षक बदलता येतो, संघ बदलत नाही, असा निष्कर्ष काही जाणकार यातून काढतात. दबावाची बाजू मी वर घेतली असली तरी हा दाखला माझ्या विरोधात जातो, हे मान्य करायला हवं.

सुटलेलं आणि न सुटलेलं

काही गोष्टी आता निकालात निघाल्या आहेत. २०१९ चा डाग संघाने मागे टाकला. टी-ट्वेंटीत हा संघ सहसदस्य देशांच्या वरच्या फळीत आहे आणि पूर्ण सदस्यांना अधूनमधून हरवू शकतो: २०२१ मध्ये आयर्लंड, २०२३ मध्ये न्यूझीलंड, २०२५ मध्ये बांगलादेश. भारतासारख्या संघासमोर मात्र तो अजून तासाभरात कोसळतो, आणि यात नवल काही नाही. २०१५ मध्ये पर्थलाही १०२ धावांत गडगडला होता.

न सुटलेल्या गोष्टींत पहिली म्हणजे पन्नास षटकांचं क्रिकेट. देशात प्रथम श्रेणीची स्पर्धा नाही, फलंदाजाला दिवसभर खेळायची सवय लागत नाही, आणि त्याचा हिशेब एकदिवसीय विश्वचषकाच्या पात्रता लीगच्या सामन्यांत चुकता होतो. दुसरी, राजपूत यांचा करार संपल्यावर काय? त्यांच्या हाताखाली कोणी स्थानिक प्रशिक्षक तयार होतो आहे का, हे बाहेरून दिसत नाही. तिसरी, मूळच्या अमिराती मुलांचा प्रश्न. झरावानी आणि मोहम्मद तौकीर हे दोन कर्णधार सोडले तर तीस वर्षांत या समाजातून फार थोडे क्रिकेटपटू आले, आणि जोवर ते येत नाहीत तोवर सरकार-दरबारी क्रिकेट पाहुण्यांचाच खेळ राहणार.

२०२६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारत आणि श्रीलंकेत होणाऱ्या विश्वचषकात अमिरातीच्या गटात न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, अफगाणिस्तान आणि कॅनडा आहेत. एखादा विजय मिळाला तर कौतुक होईल, चारही हरले तर पुन्हा बदलाची भाषा सुरू होईल. दोन्ही वेळी घाई होईल, असं माझं मत आहे. या बांधणीचा खरा निकाल त्या स्पर्धेच्या गुणतक्त्यात दिसणार नाही. २०२२ च्या युवा संघातली किती मुलं २०२७ मध्ये अजून अमिरातीच्या जर्सीत आहेत, त्यावर तो लागेल.